अवघड डाव, मांडलेले पान

दिवसभर कचेरीत, दुकानात किंवा वर्गात डोके शिणवून घरी आलेल्या माणसाने संध्याकाळी काय करावे? हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, झोपाळ्यावर बसून चार गाणी ऐकावीत आणि मन सैल सोडावे, असेच उत्तर बहुतेकांकडून येईल. विश्रांती म्हणजे श्रमाचा अभाव, ही आपली ढोबळ समजूत आहे. असे असता जगातील लक्षावधी माणसे, आणि त्यांत केवळ पोरेसोरेच नव्हे तर संसारी स्त्रीपुरुषही, आपल्या फुरसतीचा उत्तमातला उत्तम वेळ अशा व्हिडिओ गेममध्ये घालवितात, की ज्यांत पहिल्या तासातच दहा-वीस वेळा हार ठरलेली असते. तोच दैत्य, तोच पूल, तोच वार. पुन्हा पडायचे आणि पुन्हा उठायचे. पदरचे पैसे मोजून विकत घेतलेली ही हार कोणत्या सुखासाठी, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींना पडला तर त्यात नवल नाही.

हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे तो केवळ कुतूहलापोटी नव्हे. बडोद्यासारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत रात्रीचे जेवण ही जवळजवळ एकच वेळ अशी उरली आहे, की जेव्हा आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले एका भाषेत बोलतात. शाळेत इंग्रजी, बाजारात गुजराती, मित्रमंडळीत हिंदी. मराठी उरते ती पानावर बसल्यावर. तीही वेळ आता डळमळू लागली आहे. मुलगा खोलीचे दार लोटून पडद्यापुढे बसलेला असतो, आई ताट झाकून वाट पाहत असते आणि वडिलांची नजर त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर खिळलेली असते. भांडण होते ते खेळावरून. हरवते ते मात्र संभाषण. खेळ बंद करा, असे ओरडून ते संभाषण परत येत नाही. तो खेळ समजून घेऊन त्यालाच पंक्तीला बसविले तर मात्र येते, असे आमचे मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रथम या खेळांच्या अवघडपणाचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

नाण्याच्या पेटीतून जन्मलेला अवघडपणा

सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील आणि जपानमधील करमणूकगृहांत पडदा बसविलेली उंच कपाटे उभी राहिली. नाणे टाकावे, खेळावे, हरावे आणि उठावे, म्हणजे मागच्याला जागा होई. खेळ फार सोपा असला तर गिऱ्हाईक एका नाण्यावर तासभर ठाण मांडणार; फार कठीण असला तर ते दुसरे नाणे टाकणारच नाही. या दोहोंमधली निमुळती वाट शोधण्यात खेळ रचणाऱ्यांचे सारे कौशल्य होते.

जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. वरून रांगेने उतरणारे परग्रहावरचे जीव आणि खाली आपली एकुलती एक तोफ, एवढाच त्याचा मामला. मौज अशी, की शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागतात. हे मुळात योजलेले नव्हते. इतकी चित्रे एकदम हलविणे त्या वेळच्या यंत्राला जड जाई. चित्रे घटली की यंत्रावरचा भार हलका होऊन गती वाढे. निशिकादो यांनी हे वैगुण्य दूर न करता तसेच राहू दिले आणि जिंकत जावे तसे अवघड होत जावे, हा या खेळांचा रिवाजच होऊन बसला.

दोनच वर्षांनी, १९८० साली, नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅकमॅन' आणला. युद्धाच्या खेळांनी भरलेल्या त्या करमणूकगृहांत मुलींनी आणि जोडप्यांनीही यावे, या हेतूने त्यांनी विषय निवडला तो खाण्याचा. 'पाकू पाकू' हा जपानी भाषेत तोंडाची उघडझाप करीत खाण्याचा आवाज, आपल्या 'मटामटा'सारखा. त्यावरून खेळाचे नाव पडले. एक तुकडा काढून घेतलेल्या पिझ्झासारखे त्या पिवळ्या गोलाचे तोंड आहे, असे इवातानी यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे खेळ आणि ताट यांची सोयरीक अगदी आरंभापासूनची आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

पुढे १९८३ साली निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानी घराघरांत शिरले. नाण्याची पेटी गेली, अवघडपणा राहिला. १९८५ साली गाजलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा दुसरा भाग १९८६ साली जपानात निघाला, तो इतका कठीण ठरला की अमेरिकेत तो त्या वेळी नेलाच नाही. १९८८ साली त्याच नावाखाली अमेरिकेच्या हाती भलताच खेळ पडला; मूळ भाग तिकडे पोहोचायला १९९३ साल उजाडले.

जिथे जिंकणे नाहीच

अवघड खेळाचे सर्वांत शुद्ध उदाहरण द्यायचे तर ते 'टेट्रिस'चे. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ साली तो रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडत राहतात. ते वळवून, सरकवून ओळ भरली की ओळ नाहीशी होते. वेग वाढत जातो आणि केव्हातरी ढीग माथ्याला टेकतो. या खेळात जिंकणे म्हणून नाहीच. किती उशिरा हरायचे एवढेच काय ते आपल्या हाती.

१९८९ साली निन्टेन्डोच्या यंत्रावर जी आवृत्ती निघाली, तिची एकोणतिसावी पातळी हीच मानवी हाताची सीमा, अशी कित्येक वर्षे समजूत होती. पुढच्या पिढीने बटण दाबण्याची रीतच बदलली. बटणावर अंगठा नुसता टेकवून ठेवायचा आणि यंत्राच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरावीत तशी वाजवायची, ही युक्ती निघाली. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा सुमारे ३८ मिनिटे खेळून १५७व्या पातळीवर पोहोचला आणि तेथे खेळच गोठून उभा राहिला. चौतीस वर्षांत प्रथमच माणसापुढे यंत्राने हात टेकले. त्याच महिन्यात त्या मुलाचे वडील वारले होते. आपला डाव त्याने त्यांना अर्पण केला. 'नुसता खेळ' असे म्हणून ज्याला आपण झटकून टाकतो, त्यात एखादे पोर केवढे काय ठेवीत असते, याचा अंदाज मोठ्यांनी यावरून करावा.

बर्फावर अडकलेल्या गाड्या

आजच्या काळात 'अवघड खेळ' म्हटले की हिदेताका मियाझाकी हे नाव प्रथम घेतले जाते. जपानमधील शिझुओका येथे गरिबीत बालपण गेलेल्या या मुलाला पुस्तके विकत घेणे परवडत नसे. वाचनालयातून तो आपल्या आवाक्याबाहेरची इंग्रजी अद्भुत पुस्तके आणी. जे समजत नसे ते चित्रे पाहून मनाने भरून काढी. मोठेपणी एका सॉफ्टवेअर कंपनीतील स्थिर नोकरी सोडून, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कमी पगारावर ते 'फ्रॉम सॉफ्टवेअर' या खेळ रचणाऱ्या कंपनीत शिरले. तेथे रखडलेला, सगळ्यांनी आशा सोडलेला एक खेळ त्यांनी आपणहून हाती घेतला. तो 'डेमन्स सोल्स' या नावाने २००९ साली निघाला. आरंभी खप बेताचा होता. पण खेळणाऱ्यांनीच एकमेकांना सांगून तो वाढविला. पुढे २०११ साली 'डार्क सोल्स' आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी 'एल्डन रिंग' आला. या शेवटच्या खेळाच्या तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती गेल्या आणि जून २०२४ पर्यंत हा आकडा अडीच कोटींवर पोहोचला. मियाझाकी २०१४ पासून त्या कंपनीचे अध्यक्ष झाले.

या खेळांची रीत थोडक्यात अशी. वाटेवर ठिकठिकाणी धुनी पेटलेली असते. तेथे विसावा घेतला की 'एस्टस' नावाच्या केशरी औषधाचा चंबू पुन्हा भरतो. मात्र मारलेले शत्रूही पुन्हा जिवंत होतात. मेलो की मागच्या धुनीपाशी उठायचे आणि सारी वाट पुन्हा तुडवायची. परंतु अवघड असला तरी खेळ लबाड नसतो. शत्रू वार करण्यापूर्वी खांदा वळवितो, पाय रोवतो, श्वास ओढतो. खूण दिसते, पण ती पाहण्याइतके चित्त स्थिर हवे. पाचव्या मरणापर्यंत माणूस चिडतो, दहाव्यानंतर पाहू लागतो आणि विसाव्यानंतर शिकतो.

याहून विलक्षण आहे ती त्या खेळांतली परकी मदत. डोंगरावरच्या बर्फाळ चढावर गाड्या अडकल्या असता मागच्या गाडीने पुढचीला ढकलीत नेले, सगळे वर पोहोचले, आणि आभार मानायला थांबावे तर आपली गाडी पुन्हा अडकेल म्हणून कोणी थांबले नाही, असा अनुभव मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितला आहे. त्या अनोळखी माणसांचे पुढे काय झाले असेल, हा विचार त्यांच्या खेळांत उतरला. दुसऱ्या कोणा खेळाडूने जमिनीवर लिहून ठेवलेली सूचना आपल्याला दिसते. संकटात हाक घातली तर कोठल्या तरी देशातला माणूस छायारूपाने येतो, बाजूला उभा राहून लढतो आणि काम झाले की नाहीसा होतो. 'एल्डन रिंग'मध्ये मलेनिया नावाची एक योद्धी आहे. तिच्यापुढे भलेभले रडकुंडीला आले, तेव्हा डोक्यावर मडके आणि अंगावर जेमतेम लंगोटी अशा वेषातला एक खेळाडू २०२२ साली रोज हाकेला धावू लागला. 'तिच्याशी मला एकट्याला लढू द्या' हेच त्याने घेतलेले नाव. त्याने हजाराहून अधिक वेळा परक्यांसाठी ती लढाई जिंकून दिली आणि प्रकाशकांनी त्याला खरीखुरी तलवार भेट पाठविली. एकट्याने खोलीत बसून खेळण्याचा म्हणून जो खेळ आपण समजतो, त्याच्या पोटात अशी शेजारधर्माची ओढ आहे.

हरण्यात गोडी का?

मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशा निरनिराळ्या माणसांचा अभ्यास करून १९७५ साली एक विचार मांडला. काम आपल्या शक्तीपेक्षा सोपे असले की कंटाळा येतो, फार कठीण असले की धास्ती वाटते. आणि या दोहोंच्या मधोमध, शक्ती पुरती पणाला लागेल असे काही हाती असले, तर माणूस देहभान विसरतो. दिवसभराच्या शिणावर हे भान हरपणे हाच उतारा ठरतो. शब्दकोडे सोडविणाऱ्या, स्वेटरची अवघड वीण उकलणाऱ्या किंवा एकच तान शंभरदा घोटणाऱ्या कोणालाही हे पटेल.

डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ साली हरण्याच्या कलेवर एक छोटे पुस्तकच लिहिले. जीवनात आपण अपयश टाळतो, खेळात मात्र ते शोधत जातो, या विसंगतीचा त्यांनी त्यात ऊहापोह केला आहे. आम्हाला त्याचे उत्तर बडोद्याच्याच मातीत सापडते. १९२३ साली येथील हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरविले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. त्या हुतूतूचा एक प्रकार 'संजीवनी'. त्यात आपला गडी मेला तरी कायमचा मरत नाही. प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला एक उठतो. नाव किती अर्थपूर्ण! आपल्या मैदानी खेळाने शंभर वर्षांपूर्वीच मरणाला खेळात घेऊन त्याची नांगी काढून टाकली होती. पडद्यावरचा अवघड खेळ हेच करतो. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला वर्ष गमवावे लागते, धंद्यात बुडालेल्याला घर विकावे लागते. खेळात हरलेला फक्त धुनीपाशी परत येतो. हरूनही काही न गमावता पुन्हा उभे राहण्याची जागा माणसाला कोठेतरी हवीच असते.

गळ आणि खेळ

याचा अर्थ पडद्यावरचे सगळेच खेळ निर्दोष, असा मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत खेळाच्या विकाराचा समावेश केला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच प्राधान्य मिळणे, नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे, ही त्याची लक्षणे. आवड आणि विकार यांतले अंतर त्यावरून कळते. तसेच पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला. त्याच कायद्याने कौशल्याच्या स्पर्धात्मक ई-स्पोर्टला वेगळे काढून मान्यता दिली आहे.

आईबापांनीही असाच विवेक करावा. ज्या खेळात हार झाली की 'पैसे भरा आणि पुढे चला' असे सांगितले जाते, तो गळ आहे, खेळ नव्हे. ज्याला शेवटच नाही, रोज हजेरी लावली नाही तर जो दंड करतो, तोही गळच. याउलट ज्याची किंमत एकदा दिली की संपली, ज्याला शेवट आहे आणि ज्यात केवळ शिकल्यानेच पुढे जाता येते, तो अवघड असला तरी सरळ खेळ. मुलाच्या हातून यंत्र काढून घेण्यापूर्वी ते यापैकी कशाशी बसले आहे, एवढे तरी पाहावे.

पडद्यावरची पाकक्रिया

आता ताटाकडे वळू. 'सेलेस्ट' हा २०१८ साली निघालेला खेळ कॅनडात रचला गेला. मनाच्या धास्तीने ग्रासलेली एक मुलगी एक उंच पर्वत चढते, अशी त्याची कथा. शेकडो वेळा पडल्यावाचून कोणी शिखर गाठीत नाही. ज्याला झेपत नाही त्याने वेग कमी करावा, आधार घ्यावा, अशी सोय रचणाऱ्यांनी मुद्दाम ठेवली आहे, आणि तीत कमीपणा मानलेला नाही. चढताना अवघड कड्याकपारींत स्ट्रॉबेरी ठेवलेल्या असतात. त्या वेचल्याने शक्ती वाढत नाही की वाट सोपी होत नाही. शेवटी मात्र उलगडा होतो. वेचलेल्या स्ट्रॉबेरींचा गोड पाय भाजला जातो आणि प्रवासात भेटलेली सारी मंडळी एकत्र बसून तो खातात. जितक्या स्ट्रॉबेरी जास्त, तितका पाय बहारदार. सगळ्या कष्टांचे फळ काय, तर चार माणसांत वाटून खाल्लेला एक पदार्थ! अवघड खेळ आणि जेवण यांचे नाते यापेक्षा नेमके कोणी सांगितले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

२०१७ सालच्या 'झेल्डा' मालिकेतील खेळात रानातली अळंबी, मिरच्या, मासे गोळा करून चुलीवरच्या कढईत रांधावे लागतात. झणझणीत मिरचीचा पदार्थ खाल्ला तर बर्फाळ डोंगरावरची थंडी सोसते. टोरोंटो येथे रचलेल्या आणि २०२३ साली निघालेल्या 'वेंबा' या खेळात तर घर सोडून दूर गेलेल्यांचेच दुःख आहे. १९८८ साली कॅनडाला गेलेले एक तमिळ जोडपे, आईने दिलेली पाककृतींची वही, तिची फाटलेली, पुसट झालेली पाने. इडलीपात्राच्या थाळ्या कोणत्या क्रमाने रचायच्या, पुट्टूचे थर कसे द्यायचे, हे अर्धवट अक्षरांवरून ताडणे हाच खेळ. आणि घरातला मुलगा हळूहळू मायबोलीपासून दूर चाललेला. २०२४ साली या खेळाला ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. आजीच्या हातची जीर्ण वही ज्यांच्या फडताळात आहे, त्या आमच्या वाचकांना त्याचे मर्म वेगळे सांगणे नलगे.

खेळाच्या कल्पनेवर जेवण सजविण्याची हौस जपानात फार. टोकिओच्या अकिहाबारा भागात 'फायनल फँटसी' खेळावर आधारलेले उपाहारगृह २०१४ साली उघडले. ओसाकात २०२१ साली मारिओच्या जगाचे उद्यान सुरू झाले, त्यातही त्याच थाटाचे भोजनगृह आहे. अमेरिकेत चेल्सी मनरो-कॅसल यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील पदार्थांचे पुस्तक २०१६ साली लिहिले. पण एखादी कल्पना धरून पान मांडणे आपल्याला कोठे नवीन आहे? डोहाळजेवण चांदण्यातले असते, नावेतले असते, झोपाळ्यावरचे असते, फुलांच्या वाडीचे असते. संक्रांतीला सुनेला हलव्याचे दागिने घालतात. लग्नात रुखवतावर साखरेचे मोर आणि चिवड्याचे किल्ले उभे राहतात. विषय बदलला, रीत आपलीच.

चार घरांची पंगत

गेल्या हिवाळ्यात, पोंक बाजारात आला त्या सुमारास, आम्ही बडोद्यातील चार घरांनी मिळून शनिवारी रात्री अशी एक पंगत मांडली. दुपारी तीन ते सहा खेळ, सहाला यंत्रे बंद, त्यानंतर सर्वांनी स्वयंपाकघरात, असा नियम होता. पदार्थ मुलांनी ठरविले, रांधले मुलांनी आणि वडिलांनी. आया व आज्या केवळ सल्ल्यापुरत्या.

'एस्टस'च्या चंबूसाठी लाल भोपळा आणि गाजर उकडून, जिऱ्याची फोडणी देऊन केशरी सार केले आणि ते पितळी तांब्यांतून वाढले. 'डार्क सोल्स' मालिकेत कांद्याच्या आकाराचे चिलखत घालणारा एक भाबडा सरदार आहे; तिसऱ्या भागात तो एस्टसचेच सूप करून पाहुणचार करतो. त्याच्या मानासाठी दाण्याचे कूट व खोबरे घातलेले भरले कांदे झाले. एक फोड कापून काढलेले पिवळे थालीपीठ म्हणजे पॅकमॅन, त्यापुढे ओळीने मांडलेले वाटाणे म्हणजे त्याचे ठिपके. बेसनाच्या वड्या टेट्रिसच्या सात आकारांत कापल्या होत्या. परातीत त्या फटीवाचून बसविणाऱ्याला पहिली वडी. शेवटी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी घालून केलेला पाय. त्याच्या कडा जरा करपल्या होत्या, पण तेवढ्यासाठी कोणी पान टाकले नाही.

एकच अट होती. जो पदार्थ वाढील त्याने त्या खेळात आपण कसे हरलो, ते मराठीत सांगायचे. येथे खरी गंमत झाली. चौदा वर्षांचा एक मुलगा, जो एरवी जेवताना मान वर करीत नाही, तो मलेनियाची लढाई सांगू लागला आणि शब्दांवर अडला. खेळाडूची धाव, वार, उडी ज्या हिरव्या पट्टीवर अवलंबून असते तिला मराठीत काय म्हणावे? अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा म्हणाले, "अरे, यालाच आम्ही दम म्हणत होतो. दम तुटला की गडी मेला."

"मग मेल्यावर तुम्ही काय करत होतात, आजोबा?"

"रेषेबाहेर बसून पाहायचो. पुढच्या वेळी कोणाच्या पायाला हात घालायचा, ते तिथे बसूनच कळायचे."

मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "आमचेही अगदी असेच असते!" मग वार चुकविण्याला 'हुलकावणी', वार परतविण्याला 'झेल', धुनीला 'विसावा' असे शब्द पंक्तीत फिरू लागले. त्यांतले किती शब्द टिकतील ते टिकोत. पण त्या रात्री नातवाला आजोबांचे हुतूतू समजले आणि आजोबांना नातवाचा पडदा. दोघांच्या खेळांत एकच शहाणपण आहे, हे त्या दोघांनीच एकमेकांना सांगितले. आम्ही सांगून ते कधी पटले असते, असे वाटत नाही.

अशी पंगत आपल्याकडे मांडू इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी सुचवितो. एक, खेळाला संपण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती मोठ्यांनीही पाळावी. अवघड लढाई मधेच तोडायला लावण्यापेक्षा 'हा शेवटचा डाव' असा करार बरा. दोन, पाळी लावून खेळावे. एक खेळेल, बाकीचे पाहतील, खुणा सांगतील. तीन, पदार्थ घरातल्या नेहमीच्या शिध्यातूनच निघावेत. बाहेरून महागडे साहित्य मागविले की पंगतीचे प्रदर्शन होते, आणि सारा भार एका बाईवर पडला की ती शिक्षा होते. चार, हरल्याबद्दल कोणाला हसू नये. मात्र कसे हरलो हे सांगण्यातून कोणाला सूट देऊ नये.

परमुलुखात राहून भाषा टिकवायची ती व्याख्यानांनी टिकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या गोष्टीत मुलाचा जीव अडकला आहे, तीच त्याला आपल्या भाषेत सांगावीशी वाटली तर भाषा टिकते. आज त्याचा जीव एका पडद्यावरच्या राक्षसापाशी अडकला असेल, तर त्या राक्षसाचे नाव आपण विचारून घ्यावे, त्याचे वार कसे येतात ते ऐकावे, आणि पानात गरम सार वाढावे. तो राक्षस पडेल तेव्हा पडेल. घरचे पान मात्र रोज मांडलेले असावे.